नाव उष्णतेचे, कार्य नित्याचे

एखाद्या शोधाला योगायोगाने पडलेले नाव पुढे त्याचे खरे कार्य झाकून टाकते. ‘उष्माघात प्रथिने’ हे त्याचे बोलके उदाहरण होय. प्रयोगशाळेत कुणीतरी इन्क्युबेटरचे तापमान वाढवले आणि फेरुच्चो रितोसा यांना फळमाशीच्या गुणसूत्रांवर नवे फुगवटे दिसले. हे निरीक्षण १९६२ साली प्रसिद्ध झाले. त्यामागील प्रथिने हाती लागली ती १९७४ साली. उष्णतेने जागी होणारी, म्हणून हे नाव रूढ झाले.

यीस्टच्या अभ्यासाने मात्र दुसरी बाजू उजेडात आणली. १९९२ साली विस्कॉन्सिन विद्यापीठातील एलिझाबेथ क्रेग यांच्या गटाने दाखवले, की याच कुळातील ‘एसएसबी’ प्रथिने उष्णता नसतानाही प्रथिने घडवणाऱ्या रायबोसोमांजवळ कामावर हजर असतात. तेथून बाहेर पडणाऱ्या अपुऱ्या साखळीला ती सांभाळतात, अवेळी गुंतू देत नाहीत. त्यांची जनुके निकामी केलेले यीस्ट सावकाश वाढले. आणि नवल असे, की त्याचे हाल अधिक झाले ते थंडीत!

अपघाताने पडलेले नाव आजही कायम आहे. ते उच्चारताना या कुळाचे रोजचे काम विस्मरणात जाऊ नये, एवढेच.