डोंगराची उधारी

अमेरिकेत कोलोरॅडोमधल्या ड्युरँगोहून उत्तरेला निघालं की साधारण ५० मैलांवर सिल्व्हर्टन लागतं. बहुतेक रोड ट्रिपवाले इथे तास-दीड तास थांबतात. जेवण, फ्रिजवर लावायचं मॅग्नेट, जुन्या लाकडी दुकानांसमोर फोटो, आणि मग पुढच्या 'मिलियन डॉलर हायवे'ची धास्ती (कडेला दरी, आणि कठडा बऱ्याच ठिकाणी नाहीच!). आम्ही दोघंही त्याच हिशेबानं थांबलो होतो. पण नवऱ्याला वाफेच्या इंजिनांचं वेड, आणि मला डोंगरउतारांवरच्या नारिंगी ओघळांचं कुतूहल. दीड तासाची अख्खी दुपार झाली. घरी आल्यावर दोन वीकएंड वाचनात गेले, त्याचं हे सार.

गाव ९,३१८ फुटांवर. २०२० च्या जनगणनेत वस्ती ६२२. पुण्यातल्या एखाद्या मोठ्या सोसायटीत याहून जास्त माणसं राहतात. मुळात हा सगळा मुलूख यूट लोकांचा. डोंगरात सोनं-चांदी आहे हे कळल्यावर १८७३ च्या करारानं तो त्यांच्याकडून काढून घेतला गेला, आणि लगेच १८७४ मध्ये इथे गावाचे प्लॉट पडले.

पण नुसती चांदी सापडून भागत नाही, ती खाली न्यावी लागते. सुरुवातीला ते काम खेचरं करायची. त्यामुळे अगदी उत्तम खनिजच परवडायचं, बाकीचं खाणीच्या तोंडाशी पडून. जुलै १८८२ मध्ये ड्युरँगोहून रेल्वे आली आणि गणितच बदललं. रूळ फक्त तीन फूट रुंदीचे, म्हणजे दरीतली अवघड वळणं घेता येतात. (आपली माथेरानची गाडी त्याहून अरुंद, दोन फुटी.) आता हलकं खनिजही परवडू लागलं. आज पर्यटकांना घेऊन येते ती याच रुळांवरून.

१८९३ मध्ये अमेरिकन सरकारनं चांदीची सक्तीची खरेदी बंद केली आणि भाव कोसळले. चांदीवर जगणारी किती तरी गावं त्यात बसली. सिल्व्हर्टन सोनं, शिसं, जस्त यांच्या जोरावर तगलं.

आता १९७८ ची गोष्ट. गावाजवळच्या सनीसाइड खाणीचे बोगदे खोदत खोदत लेक एमा नावाच्या तळ्याच्या खाली पोचले होते. ४ जूनला तळ्याचा तळ फुटला आणि पाणी, चिखल, लाकडं सगळं खाणीतून धडधडत बाहेर आलं. आत एकही माणूस नव्हता. कारण? रविवार होता! गावाच्या वर १९५९ साली उभारलेला येशूचा पुतळा आहे, त्याची ही कृपा असं गावकरी मानतात. साप्ताहिक सुट्टीचं इतकं मोल दुसरीकडे कुठे झालेलं मला तरी माहीत नाही.

ती खाण पुन्हा सुरू झाली आणि १९९१ मध्ये कायमची बंद पडली. पण खाण बंद झाली म्हणजे काम थांबलं असं नाही. खडकातल्या लोह-गंधकाच्या खनिजाला पाणी आणि हवा मिळाली की गंधकाम्ल तयार होतं. ते आम्ल इतर धातू विरघळवून बाहेर आणतं. त्यातल्या लोखंडामुळे पाणी नारिंगी दिसतं. इथे हे थोडंफार निसर्गतःही होतंच, पण बोगद्यांमुळे डोंगराला हजार नाकपुड्या फुटल्या.

५ ऑगस्ट २०१५ ला गोल्ड किंग या बंद खाणीच्या तोंडाशी केंद्राच्या पर्यावरण खात्याचंच पथक काम करत असताना आतलं साठलेलं पाणी फुटलं. सुमारे ३० लाख गॅलन! अ‍ॅनिमस नदी पिवळी-नारिंगी झाली, आणि ते पाणी पार न्यू मेक्सिको आणि नावाहो लोकांच्या शेतांपर्यंत गेलं. त्यांचं या सोन्या-चांदीशी काय देणं-घेणं? पण कालवे बंद त्यांना ठेवावे लागले.

केंद्राच्या विषारी जागा साफ करण्याच्या योजनेला गावानं वर्षानुवर्षं विरोध केला होता. तो शिक्का बसला तर पर्यटक कोण येणार? भीती खोटी नव्हती, खाणीनंतर पोट त्यावरच होतं. शेवटी २०१६ मध्ये गावानं होकार दिला आणि ४८ ठिकाणं यादीत आली.

आमच्या धंद्यात कोड लिहून लोक कंपनी सोडून जातात आणि रात्री दोनला फोन येतो तो भलत्यालाच. फरक एवढाच की आम्हाला त्याचा पगार मिळतो. सरकारी जमिनीवरच्या अशा खनिजांना १८७२ चा कायदा आजही लागू आहे, आणि त्यात रॉयल्टीची तरतूदच नाही. चांदी नेणारे कधीच निघून गेले. पाण्याचा खर्च मात्र करदात्यांवर, आणि बदनामी ६२२ जणांवर.

असो. तिकडे गेलात तर मुख्य रस्त्यावरून परत फिरू नका. गावातच सिमेंट क्रीक नावाचा ओढा अ‍ॅनिमसला मिळतो. तिथे पाच मिनिटं उभे राहा, ओढ्यातल्या दगडांचा रंग बघा, आणि मग जेवायला जा. गावातच जेवा बरं का, त्यांना गरज आहे.