पैदाशीच्या कोंबड्यांची निवड : कोलुमेल्ला व वराहमिहिर

लक्षणग्रंथाची पोथी हातीं आली कीं तींतील पशुपक्ष्यांचीं प्रकरणें पशुपालनाचीं समजण्याकडे संग्राहकांचा कल असतो. आम्हांस तें मान्य नाहीं. वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत (इ. स. चें ६ वें शतक) कुक्कुटलक्षणाचा स्वतंत्र अध्याय आहे. सरळ पिसांचा, तांबड्या तुऱ्याचा, पांढरा कोंबडा राजास शुभ, असें त्यांत सांगितलें आहे. त्याची प्रजा कशी निपजेल, याविषयीं अवाक्षर नाहीं.

हाच पांढरा रंग रोमन ग्रंथकार कोलुमेल्ला वर्ज्य ठरवितो. हा इ. स. च्या १ ल्या शतकांतील, स्पेनांतील गादेस (हल्लींचें कादिस) येथील. त्याच्या बारा भागांच्या कृषिग्रंथाचा आठवा भाग कोंबड्यांपासून सुरू होतो. पांढऱ्या कोंबड्या नाजूक, अल्पायुषी व बहुधा कमी अंडीं देणाऱ्या. शिवाय लांबून दिसत असल्यामुळें ससाणे व गरुड त्यांस उचलतात. यास्तव मादी तांबूस किंवा काळसर, रुंद छातीची, मोठ्या डोक्याची घ्यावी. पाच बोटांची सर्वांत कुलीन ‘मानतात’, असें तो लिहितो. हें क्रियापद लक्षांत घेण्याजोगें आहे, कारण इतरत्र तो कारण दिल्याशिवाय राहत नाहीं. नरासारखी आरी असलेली मादी नको. ती नरास जुमानीत नाहीं व उबवितांना अंडीं फोडते. देशी जातीच्या पांच माद्यांस एक नर. रोड्स व मीडिया येथील जड जातींस तीनच माद्या. झुंजीच्या ह्या परदेशी जाती शेतकऱ्यानें नुसत्या पाळूं नयेत. परदेशी नर व देशी मादी यांची संतति उत्तम, कारण तींत बापाचें रूप व आईची प्रसवशक्ति उतरते.

खरी निवड मात्र शरद् ऋतूंत, अंडीं थांबलीं म्हणजे. तीन वर्षांवरील माद्या, कमी अंडीं देणाऱ्या, पिलें नीट न सांभाळणाऱ्या, अंडीं खाणाऱ्या व नराप्रमाणें आरवूं लागलेल्या, ह्या सर्व काढून टाकाव्या. नराचा न्याय निराळा : जातिवंत नर फळवूं शकतो तोंवर ठेवावा, कारण तसा नर विरळा.

कोलुमेल्लाचा ग्रंथ १४७२ त व्हेनिस येथें छापला गेला. आपल्याकडील लक्षणपोथ्यांशीं त्याची तुलना करण्यापेक्षां, ज्यांच्या दप्तरांत घरगुती जमाखर्चाच्या वह्या असतील त्यांनीं त्यांतील कोंबड्यांच्या नोंदी, किती ठेविल्या व कोणत्या विकल्या, उतरून प्रसिद्ध कराव्या, अशी आमची विनंति आहे.