खेळ घडविण्याची विद्या

आमच्या मुरगुडात खेळाला कोणी हलके मानीत नाही. तालमीत उतरणाऱ्या पोराला वस्ताद हवा, खुराक हवा आणि वर्षानुवर्षांची मेहनत हवी, हे येथे कोणास सांगावे लागत नाही. शाहू महाराजांनी १९१२ साली खासबागचे मैदान उभे केले, ते याच जाणिवेने. परंतु तेच पोर संगणकावरचे खेळ तयार करायला शिकतो म्हणाले, की बाप विचारतो, "खेळाचेही कॉलेज असते काय?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर इतिहासात शोधावे, एवढाच आमचा हेतू.

खेळाचा विचार ग्रंथात व्हावा, ही कल्पना आपल्याकडे जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' रचला. त्यात राजनीती, पाकशास्त्र व संगीत यांच्या जोडीस क्रीडांसाठी वीस अध्यायांचा स्वतंत्र विभाग आहे.

संगणकाचा खेळही विद्येच्याच अंगणात वाढला. १९५२ साली केंब्रिज विद्यापीठात ए. एस. डग्लस यांनी मनुष्य व यंत्र यांच्या व्यवहारावरील प्रबंधासाठी एडसॅक यंत्रावर आपला फुल्लीगोळ्याचा खेळ बसविला. पुढे १९६२ मध्ये अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत स्टीव्ह रसेल व त्याच्या मित्रांनी 'स्पेसवॉर' रचला. दोन याने एकमेकांवर मारा करीत; मधला तारा त्यांना आपल्याकडे ओढी; पाठीमागचे आकाशही खऱ्या ताऱ्यांच्या स्थानांबरहुकूम मांडलेले होते. गणित, पदार्थविज्ञान आणि खगोलशास्त्र एका खेळात उतरले. पण तो कसा रचावा, हे त्या तरुणांना कोणत्याही वर्गात शिकविलेले नव्हते.

त्याच १९६२ साली कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 'टिफ्रॅक' हा संगणक तर १९६० पासूनच चालू होता. म्हणजे यंत्र आपल्याकडेही होते. मात्र ते पोरांच्या हाती नव्हते.

हाती आले म्हणजे काय घडते, हे स्कॉटलंडमधील डंडी गावाने दाखविले. बंगालच्या तागावर जगलेले हे गिरण्यांचे गाव. गिरण्या मावळत गेल्या. १९८२ नंतर तेथील टायमेक्स कारखान्यात 'स्पेक्ट्रम' नावाचे स्वस्त घरगुती संगणक जोडले जाऊ लागले आणि गावच्या मुलांच्या हाती पोहोचले. त्याच कारखान्यात उमेदवारी केलेल्या डेव्हिड जोन्सने पुढे खेळांची कंपनी काढली. १९९१ साली तिचा 'लेमिंग्ज' जगभर गाजला. १९९३ मध्ये कारखाना बंद पडला, तरी विद्या गावात राहिली. १९९७ मध्ये तेथील ॲबर्टे विद्यापीठाने संगणकीय खेळांची पदवी सुरू केली. ती जगातील पहिली मानली जाते. आधी यंत्र, मग धंदा, आणि शेवटी विद्यापीठ, असा हा क्रम आहे.

महाराष्ट्रही या वाटेवर आहे. पुण्यात घडविलेला 'राजी' हा खेळ २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचा विषय आपल्या पुराणकथांचा. मुंबईत २०२५ मध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज ही संस्था सुरू झाली. तिच्या विषयांत खेळनिर्मितीही आहे. पण वेदगंगेच्या काठापासून मुंबई दूर आहे, आणि तेथे राहण्याचा खर्च त्याहून दूरचा.

नुसती शाळा उघडून भागत नाही, खेड्यातल्या मुलाला तिच्यापर्यंत पोहोचण्याची सोय लागते, हे शाहू महाराजांनी ओळखले होते. १९०१ पासून कोल्हापुरात बोर्डिंगे निघाली, ती म्हणूनच. आजच्या काळात हाच विचार पुढे न्यायचा, तर गावच्या वाचनालयात चार-पाच संगणक, सायंकाळी दोन तास आणि शिकविणारा एक जाणता माणूस, एवढ्याने आरंभ होऊ शकेल. सगळीच पोरे काही खेळ रचणार नाहीत. तालमीत जाणारे सगळे तरी कोठे हिंदकेसरी होतात? म्हणून आम्ही तालमी बंद केल्या नाहीत.