न उघडलेल्या मालाचा भाव

अटलांटाच्या उत्तरेला अल्फारेटा आहे. खरवडायची लॉटरी तिकिटं छापणाऱ्या साइंटिफिक गेम्सचं मुख्यालय तिथलं. याच कंपनीचं पहिलं झटपट तिकीट १९७४ साली मॅसॅच्युसेट्समध्ये विकायला आलं, आणि 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा साहसखेळही त्याच वर्षीचा. योगायोग म्हणा, मला दोघांचं कूळ एकच वाटतं: आत काय दडलंय ते न कळता घ्यायचा माल.

तिकिटाचा कायदा सरळ आहे. खरवडेपर्यंत लखपती आणि कोरं, दोन्ही एकाच भावाला. 'डन्जन्स'च्या १९७८च्या नियमपुस्तकातही जादूची वस्तू ओळखण्याच्या मंत्राला किमान शंभर मोहरांचा मोती लागतो, मग हाती तलवार येवो की भंगार. 'डायब्लो' या संगणक-खेळातला म्हातारा केन ओळख पटवायला शंभरच मोहरा घेतो, तो याच मोत्याचा वारस असावा. शंभर कुणालाही सुचेल, आणि 'डायब्लो' तर 'रोग'च्या (१९८०) घराण्यातला, असा आक्षेप येईल. पण खुद्द 'रोग'मध्ये ओळख पटवते ती जादूची गुंडाळी. फी घेणारा पंडित तिथला नव्हे.

ही झाली सरळ शाखा. दुसरी मात्र बेइमान. 'विझर्ड्री'तला (१९८१) दुकानदार बोल्टॅक ओळख पटवायला नेमकी तेवढीच रक्कम मागतो, जेवढ्याला तो ती वस्तू विकत घेईल. म्हणजे ओळखून विकलं तर हाती शून्य. गंमत अशी की फी ऐकली की मोल फुकटात कळलं! 'नेटहॅक'चे (१९८७) दुकानदारही असेच पोटात काही न ठेवणारे. ओळख पटवणाऱ्या गुंडाळीची मूळ किंमत २०, आणि त्या किमतीची दुसरी गुंडाळीच नाही. खेळाडू अनोळखी गुंडाळी विकायला काढतो, दुकानदार मूळ किमतीचा निम्मा किंवा तिसरा हिस्सा देऊ करतो, खेळाडू नाही म्हणून ती उचलून चालता होतो. खेळाडू विकत घेऊ लागला की दुकानदार अनोळखी मालावर कधी तिसरा हिस्सा चढवतो, त्याच्या डोक्यावर मठ्ठपणाची टोपी दिसली तर आणखी. तरी वाकबगार खेळाडू उलटा हिशेब मांडतातच. माझ्या मते हे बोल्टॅकचेच वंशज. मोत्याच्या वाटेने आले असते तर त्यांनी सगळ्यांना एकच भाव लावला असता.

पण सरळ शाखेलाही गळती लागली. २००३ साली टोरोंटोच्या मोहन श्रीवास्तव या संख्याशास्त्रज्ञाला फुली-गोळ्याच्या तिकिटावर दिसलं, की वरच्या उघड्या आकड्यांत एकदाच येणारे तीन आकडे एका ओळीत आले, तर ते तिकीट बहुधा बक्षिसाचं. त्याने ओंटारिओच्या लॉटरीवाल्यांना कळवलं, आणि त्यांनी तो खेळ दुकानांतून काढून घेतला.