समीकरणाची हद्द

जुम्म्याच्या नमाजनंतर मशिदीबाहेर गप्पा रंगल्या की एक वाक्य हमखास कानावर पडतं. "सायन्सचं काय खरं भाई? आज एक सांगतं, उद्या दुसरंच." पूर्वी मी वाद घालायचो. आता काचेच्या एका बारीक नळीची गोष्ट सांगतो.

पाणी किंवा हवा कशी वाहते, याचं समीकरण फ्रान्सच्या नाविए यांनी 1822 मध्ये मांडलं आणि 1845 मध्ये स्टोक्स यांनी ते पक्क्या पायावर उभं केलं. नदीचा प्रवाह, नळातलं पाणी, विमानाच्या पंखावरची हवा या सगळ्यांचा हिशेब आजही त्यावरच चालतो. पण त्यात दोन गोष्टी गृहीत आहेत. एक, वायू हा सलग पदार्थ आहे. दोन, भिंतीला लागून असलेला थर भिंतीपाशी थांबलेला असतो.

वायू सलग नाही, तो इकडेतिकडे धावणाऱ्या रेणूंचा जमाव आहे, हे धरून मॅक्सवेल यांनी 1860 मध्ये एक चमत्कारिक निष्कर्ष काढला: दाब कमी केला तरी वायूचा चिकटपणा बदलत नाही. त्यांचा स्वतःचाही यावर सहज विश्वास बसेना. मग त्यांनी पत्नी कॅथरीन यांच्या मदतीने लंडनच्या राहत्या घरात प्रयोग केले आणि निष्कर्ष खरा ठरला. पण 1875 मध्ये कुंट आणि वारबुर्ग या जर्मन शास्त्रज्ञांना दिसलं की वायू फारच विरळ झाला की तो भिंतीवरून घसरतो. म्हणजे दुसरं गृहीतक ढिलं पडलं. 1879 मध्ये मॅक्सवेल यांनी या घसरणीचं सूत्र दिलं आणि त्याच वर्षी, वयाच्या अवघ्या 48व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

दुरुस्ती झाली, प्रश्न मिटला असं वाटलं. तो मिटला नव्हता, हे कोपनहेगनच्या मार्टिन क्नूडसेन यांनी दाखवलं. हा माणूस मोजमापात पक्का. समुद्राच्या पाण्याचा खारेपणा आणि घनता यांची त्यांनी 1901 मध्ये तयार केलेली कोष्टकं जगभर अनेक दशकं वापरात होती. 1909 मध्ये त्यांनी केशनळ्यांमधून वायू सोडून, दाब पायरीपायरीने उतरवत, दाबातल्या ठरावीक फरकाला किती वायू पलीकडे जातो हे मोजलं. समीकरणाच्या हिशेबाने सरासरी दाब उतरला की हा आकडा घटत जायला हवा. घसरणीची दुरुस्ती जोडली तर घट कुठेतरी थांबेल, पण आकडा पुन्हा वाढणार नाही. क्नूडसेन यांच्या नळीत तो आधी घटला, तळाला गेला आणि मग पुन्हा थोडा वाढला.

असं का? रेणू दुसऱ्या रेणूवर आदळण्याआधी सरासरी जेवढं अंतर कापतो, त्याला मुक्त पथ म्हणतात. अतिविरळ वायूत रेणू एकमेकांना जवळपास भेटतच नाहीत, फक्त भिंतीला धडकतात. नळीच्या दिशेने निघालेले रेणू लांबवर सरळ जातात आणि प्रवाहात त्यांचा वाटा मोठा असतो. वायू थोडा दाट केला की आपसातल्या टकरा या रेणूंची वाट मोडतात, म्हणून प्रवाह घटतो. आणखी दाट केला की सगळा जमाव मिळून वाहू लागतो आणि प्रवाह पुन्हा वाढतो. सलग वायू मानणाऱ्या समीकरणाला सुटा रेणू दिसतच नाही, मग हा तळ कसा दिसणार? त्यासाठी बोल्ट्झमन यांचं 1872 चं, रेणूंचा हिशेब ठेवणारं समीकरण लागतं. ते इतकं अवघड की दोन समांतर पट्ट्यांमधल्या प्रवाहाचा हा तळ इटलीच्या चेर्चिन्यानी यांनी सहकाऱ्यासह गणिताने काढला तो 1963 मध्ये, आणि तोही समीकरणाचं सोपं रूप घेऊन.

मुक्त पथ भागिले नळीची रुंदी, या आकड्याला आज क्नूडसेन यांचं नाव आहे. तो साधारण 0.01 च्या खाली असेल तर जुनं समीकरण बिनधास्त वापरावं. 0.1 पर्यंत घसरणीची दुरुस्ती भागवते. पुढे रेणूंकडे जावंच लागतं. आपल्या साध्या हवेत मुक्त पथ सुमारे 0.07 मायक्रॉन असतो. म्हणून एक मायक्रॉन रुंदीच्या नळीत निर्वात पंप नसतानाही हा प्रश्न उभा राहतो. सूक्ष्म यंत्रं बनवणाऱ्यांना तो रोज सोडवावा लागतो.

आता मला सांगा, यात नाविए-स्टोक्स खोटे ठरले का? नदी अजून त्यांच्याच हिशेबाने वाहते. फक्त तो हिशेब कुठे थांबतो, हे आकड्यात कळलं. मराठीतला 'हद्द' हा शब्द अरबीतून आला. अरबी तर्कशास्त्रात 'हद्द' म्हणजे व्याख्यासुद्धा. एखादी गोष्ट कुठे संपते हे कळलं, तरच ती काय आहे हे कळलं.

म्हणून मशिदीबाहेरच्या त्या मित्रांना माझं सांगणं एवढंच: विज्ञान बदलतं हे खरं, पण प्रत्येक वेळी जुनं मोडून पडतं असं नाही. बहुतेकदा त्याची हद्द आखली जाते. आणि ती आखायला कुणीतरी नळी, पंप आणि वही घेऊन बसावं लागतं. गप्पांत ती आखली जात नाही.