अटींसह मंजूर

वैरागमधल्या एखाद्या घरात परदेशी विद्यापीठाचं प्रवेशपत्र येतं, पेढे वाटून होतात, आणि दुसऱ्या दिवसापासून जामीनदाराचा शोध सुरू होतो. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातवैधता, गुणपत्रकं ही कामं बार्शी-सोलापूरला खेपा घालून कशीबशी उरकतात. पण पोराने अट मोडली तर पैसे मी भरीन, असं मुद्रांक कागदावर लिहून देणारा आणि तेवढी ऐपत कागदोपत्री दाखवू शकणारा माणूस आणायचा कुठून? तुरीच्या आणि सोयाबीनच्या पट्टीवर वर्ष काढणाऱ्या घराचा गोतावळा मोठा असतो, पण त्यात आयकराचं विवरणपत्र भरणारे किती निघणार? मग कुणाचे मास्तर, कुणाचे बँकेतून निवृत्त झालेले मामा यांच्याकडे चकरा सुरू होतात. कुणी तोंडावर नाही म्हणत नाही. ‘बघू, घरात विचारतो’ म्हणतात, आणि मुदत संपत येते.

परदेशी शिकायला पैसे देणाऱ्याने घेणाऱ्याकडून काय लिहून घ्यायचं, याला आपल्याकडे दीडशे वर्षांहून जास्त इतिहास आहे. शिष्यवृत्ती कुणी दिली हे आपण लक्षात ठेवतो. ती कोणत्या अटीवर दिली, हे सहसा विसरतो. मला ही कुळकथा त्या अटीच्या बाजूने सांगायची आहे.

तिचं एक टोक कापसात आहे. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस मँचेस्टरला जाईनासा झाला आणि मुंबईत पैशांचा पाऊस पडला. नुकतीच, १८६० साली, आगगाडी सोलापूरपर्यंत आली होती. बार्शीच्या पेठेतला कापूस गाडीवाटेने बार्शी रोड स्टेशनवर, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीला, जायचा आणि तिथून मुंबईला. या तेजीत गब्बर झालेल्या रुस्तमजी जमशेटजी जीजीभॉय यांनी पाच हिंदी तरुणांना विलायतेत बॅरिस्टर करण्यासाठी दीड लाख रुपये देऊ केले. एल्फिन्स्टन कॉलेजचे प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांनी त्यासाठी सुचवलेल्यांत फिरोजशहा मेहता होते. १८६४ च्या अखेरीस ते निघाले. १८६५ मध्ये युद्ध संपलं, कापसाचे भाव कोसळले, मुंबईतल्या पेढ्या एकामागून एक बुडाल्या आणि रुस्तमजींची दौलतही गेली. फिरोजशहा लिंकन्स इनमध्ये शिकत होते ते अर्ध्यावर घरच्यांच्या खर्चावर आले. १८६८ साली ते बॅरिस्टर होऊन परतले, पण त्या देणगीतून पुढे कुणाला जाता आलं नाही. त्या देणगीला शेठजींच्या शब्दापलीकडे आधार नव्हता, आणि बाजार उतरल्यावर तोही उरला नाही.

जमशेटजी टाटांनी १८९२ साली उभारलेला निधी मात्र आजही चालू आहे, आणि त्याचं कारण त्यांनी घातलेल्या अटीत आहे. टाटांनी पैसे दान म्हणून दिले नाहीत, कर्ज म्हणून दिले. शिकून ये, कमावता हो, आणि परत कर, म्हणजे तुझ्यामागून दुसरा जाईल. सुरुवातीला हा निधी पारशांपुरता होता, पुढे दोन वर्षांत सगळ्यांना खुला झाला. त्याच्या अगदी पहिल्या लाभार्थी दोन स्त्री डॉक्टर होत्या: फ्रेनी कामा आणि कोल्हापूरच्या कृष्णाबाई केळवकर. ज्या काळात मुलीला शाळेत घालायचं की नाही यावर घरोघरी वाद होत होते, त्या काळात कर्जाऊ पैसे घेऊन विलायतेत वैद्यक शिकणारी कोल्हापूरची बाई डोळ्यासमोर आणून पाहावी. पुढे के. आर. नारायणन १९४५ मध्ये याच निधीतून लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला गेले, जयंत नारळीकर १९५७ मध्ये केंब्रिजला.

अट नेहमी पैसे देणाऱ्याचीच असे असं नाही. रँग्लर परांजपे १८९६ साली सरकारी शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेले आणि १८९९ मध्ये सीनियर रँग्लर झाले. पण जाण्याआधीच त्यांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटीला आजीव सदस्य होण्याचा शब्द दिला होता. सरकारी नोकरीत मोठा पगार वाट पाहत असताना ते फर्ग्युसनमध्ये तुटपुंज्या वेतनावर येऊन राहिले. विठ्ठल रामजी शिंदे १९०१ साली ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात धर्माचा अभ्यास करायला गेले तेव्हा शिष्यवृत्ती युनिटेरियन मंडळींची होती आणि प्रवासखर्चाला हातभार बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचा.

श्यामजी कृष्णवर्मांची अट या सगळ्यांच्या उलट होती. त्यांनी लंडनमध्ये दोन-दोन हजार रुपयांच्या शिष्यवृत्त्या जाहीर केल्या, आणि परतल्यावर इंग्रज सरकारची कोणतीही नोकरी, पद वा वेतन घेणार नाही असं लिहून मागितलं. त्यांचे सहकारी सरदारसिंह राणा यांनी आणखी तीन दिल्या: राणा प्रताप, शिवाजी आणि अकबर यांच्या नावाच्या. टिळकांच्या शिफारशीवरून शिवाजी शिष्यवृत्ती सावरकरांना मिळाली आणि जून १९०६ मध्ये ते बोटीवर चढले. इतरांच्या अटी विद्यार्थ्याला कुठल्या ना कुठल्या चाकरीत आणत होत्या, ही अट चाकरीचं दार कायमचं बंद करत होती.

आता बडोद्याकडे येऊ. महाराष्ट्रातल्या शिकणाऱ्या माणसाला जी परदेशी शिष्यवृत्ती सगळ्यात जवळची वाटते ती हीच, आणि तिच्या कागदावर काय लिहिलं होतं हे तपशिलाने पाहण्यासारखं आहे. कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींच्या खटपटीने भीमराव आंबेडकरांना सयाजीरावांकडून दरमहा पंचवीस रुपये मिळू लागले होते, आणि त्यावर ते एल्फिन्स्टनमधून पदवीधर झाले. जानेवारी १९१३ मध्ये बडोद्याच्या चाकरीत रुजू झाले आणि लगेच वडिलांच्या आजारपणाने मुंबईला परतले. २ फेब्रुवारीला सुभेदार रामजी गेले. त्यानंतर ४ जून १९१३ रोजी बडोदे सरकारशी करार झाला: कोलंबिया विद्यापीठात तीन वर्षं शिक्षण, दरमहा साडेअकरा पौंड, आणि परतल्यावर दहा वर्षं बडोदे संस्थानाची नोकरी.

दहा वर्षं. बावीस वर्षांच्या, बाप नुकताच गमावलेल्या, घरात खाणारी तोंडं असलेल्या मुलाने आयुष्याचा एवढा तुकडा लिहून दिला. साडेअकरा पौंडांतून तो न्यूयॉर्कमध्ये राहायचा, जुनी पुस्तकं विकत घ्यायचा आणि काही पैसे परळच्या चाळीत रमाबाईंकडे पाठवायचा. शिष्यवृत्तीच्या हिशेबात रमाबाईंच्या वाट्याची काटकसर कुठेच नोंदलेली नाही. ती धरल्याशिवाय तो हिशेब पुरा होत नाही, असं मला मनापासून वाटतं.

१९१६ मध्ये आंबेडकर लंडनला गेले. शिष्यवृत्तीची वाढवलेली मुदतही १९१७ मध्ये संपली आणि अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं. लंडन विद्यापीठाकडून त्यांनी एवढी सवलत मिळवली, की चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुरा करता यावा. पुस्तकं वेगळ्या बोटीने निघाली होती, ती बोट पाणतीराने बुडाली. नुकसानभरपाईचे सहाशे रुपये मिळाले आणि त्यातूनच बडोद्याला जाण्याचा खर्च भागला. म्हणजे करार पाळायला जाण्यापुरतेही पैसे गाठीला नव्हते.

बडोद्यात काय झालं ते सर्वांना ठाऊक आहे. कचेरीत शिपाई लांबून कागद फेकत, राहायला जागा कुणी देईना, नाव लपवून पारशी सराईत खोली घेतली तिथून लाठ्या घेऊन आलेल्यांनी बाहेर काढलं. दहा वर्षं लिहून दिलेला माणूस काही दिवसांत मुंबईला परतला, आणि पुढे दरबाराकडून वसुलीची पत्रंही आली. यात सयाजीरावांचा हेतू खोटा नव्हता. महाराज विद्यार्थ्याला समुद्रापार पाठवू शकत होते, पण त्याच महाराजांच्या राजधानीत त्याला एक खोली मिळवून देऊ शकले नाहीत. करारात विद्यार्थ्याने काय करायचं ते लिहिलं होतं. देणाऱ्याने काय करायचं ते पैशांपलीकडे लिहिलेलं नव्हतं. शिष्यवृत्तीच्या कागदातला हा एकतर्फीपणा तेव्हापासून फारसा बदललेला नाही.

१९२० मध्ये आंबेडकर पुन्हा लंडनला निघाले तेव्हा हाताशी सिडनहॅम कॉलेजातल्या पगारातली शिल्लक होती, नवल भथेना या मित्राकडून घेतलेलं पाच हजारांचं कर्ज होतं आणि छत्रपती शाहू महाराजांची मदत होती. या वेळी कुणालाही वर्षं लिहून दिलेली नव्हती. एम. एस्सी., डी. एस्सी. आणि बॅरिस्टरी, तिन्ही या दुसऱ्या खेपेत पुरी झाली.

परतल्यावर, मे १९२४ मध्ये, ते बार्शीला बहिष्कृत परिषदेसाठी आले. वैरागपासून बार्शी म्हणजे बैलगाडीने जाऊन येण्याची पेठ. त्याच वर्षी जुलैमध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि ४ जानेवारी १९२५ रोजी सभेने सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडलं. सोलापूर नगरपालिकेने त्याला महिना चाळीस रुपये दिले. परदेशी शिष्यवृत्तीच्या कथेत मी हे वसतिगृह का आणतो? कारण पोरगं तालुक्याला राहून शिकलंच नाही, तर कोलंबियाचा अर्ज भरणार कोण? बार्शीत १९३४ मध्ये कर्मवीर मामासाहेब जगदाळे यांनी संस्था काढली, शेतकऱ्यांची मुलं तिथे शिकायला येऊ लागली, तेव्हा या भागात पदवीपर्यंतची वाट तयार झाली. परदेशाची वाट तिच्यापुढे सुरू होते.

मग आलं १९४२. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले आणि ऑक्टोबरमध्येच त्यांनी लॉर्ड लिनलिथगो यांना अस्पृश्यांच्या तक्रारींचं निवेदन दिलं. त्यात मागणी होती: विज्ञान आणि तंत्रज्ञान शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी वर्षाला दोन लाख, आणि परदेशी शिक्षणासाठी एक लाख. ती तीन लाखांची तरतूद झाली आणि पुढे तिच्यातून मुलं परदेशी गेली. माझ्या मते या कुळकथेतली खरी कलाटणी ही आहे. महाराजांच्या मर्जीतून किंवा शेठजींच्या औदार्यातून येणारा पैसा इथे पहिल्यांदा, या समाजासाठी, सरकारच्या अंदाजपत्रकातला आकडा झाला. ज्याने करारावर सही करून तीन वर्षं काढली होती, त्यानेच तो तिथे लिहवला. स्वातंत्र्यानंतर १९५४-५५ पासून केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती सुरू झाली.

याच सुमारास परदेशी सरकारं आणि न्यासही पुढे आले. अमेरिकेने १९४६ मध्ये जगभर उरलेल्या युद्धसामग्रीच्या विक्रीच्या पैशांतून फुलब्राइट योजना काढली. भारताशी तिचा करार २ फेब्रुवारी १९५० चा. आपल्याच जिल्ह्यातल्या माढा तालुक्यात, परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवणाऱ्या रणजितसिंह डिसले यांना फुलब्राइट शिष्यवृत्ती मिळाली, तेव्हा सोलापूर जिल्ह्यातल्या कितीतरी शिक्षकांना असं काही असतं हे पहिल्यांदा कळलं. चित्रकारांसाठी फ्रेंच सरकारची शिष्यवृत्ती होती, तिच्यावर जे. जे. मध्ये शिकलेले रझा १९५० मध्ये पॅरिसला गेले. वासुदेव गायतोंडे १९६४ मध्ये रॉकफेलर घराण्याच्या निधीतून न्यूयॉर्कला. १९७६ पासून इनलॅक्स, १९८१ पासून चार्ल्स वॉलेस न्यास, दोन्हींत कलावंतांना जागा आहे. कलावंताकडून सहसा नोकरीची वर्षं लिहून घेत नाहीत. चित्र काढायला पाठवलेल्या माणसाने परत येऊन चित्रच काढावं, एवढीच अपेक्षा असते, आणि ती मला फार योग्य वाटते.

महाराष्ट्र सरकारने २००३ मध्ये अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती सुरू केली. आता तिच्यात वर्षाला ७५ विद्यार्थी जातात. शिक्षणशुल्क, विमानभाडं आणि निर्वाहभत्ता मिळतो. निर्वाहभत्त्याचा आकडा बरीच वर्षं अमेरिकेसाठी १५,४०० डॉलर आणि ब्रिटनसाठी ९,९०० पौंड असा राहिला. मराठा-कुणबी विद्यार्थ्यांसाठी सारथी संस्थेची योजना आली, तिला नाव महाराजा सयाजीराव गायकवाडांचं. ज्या दोन राजांनी आंबेडकरांना परदेशी शिकायला मदत केली, त्या दोघांची नावं आज दोन सरकारी अर्जांच्या डोक्यावर आहेत. भटक्या-विमुक्तांसाठी, इतर मागासवर्गीयांसाठी, आदिवासींसाठी आणि खुल्या प्रवर्गातल्या गरिबांसाठीही वेगळ्या योजना आहेत.

मदत गरिबाला म्हणून द्यायची आणि जामीन ऐपतदाराचा मागायचा, हा पेच मात्र सुटलेला नाही. सार्वजनिक पैसा आहे, त्याची जबाबदारी घ्यायला हवी, हे मला मान्य आहे. पण टाटांच्या निधीने कर्ज देऊनही पिढ्यान्‌पिढ्या माणसं पाठवली, ती शिकल्यावर होणाऱ्या कमाईवर भिस्त ठेवून. सरकारलाही तेवढी भिस्त ठेवता येईल. विद्यार्थ्याच्या स्वतःच्या हमीवर काम चालवता येईल, किंवा ज्या महाविद्यालयात तो शिकला त्याची हमी घेता येईल. ज्याच्या घरी सात-बाऱ्यावर दोन एकर आणि सोसायटीचा बोजा आहे, त्याच्या गुणपत्रकाला काही किंमत असेल तर ती इथे दिसली पाहिजे.

तोवर वैरागच्या, आणि आसपासच्या गावांतल्या, पदवीच्या शेवटच्या वर्षाला असणाऱ्यांनी एवढं करावं. जातवैधता प्रमाणपत्र आत्ताच काढून ठेवावं, त्यालाच सगळ्यात जास्त वेळ लागतो. पासपोर्ट काढावा. प्रवेशाचे अर्ज आदल्या हिवाळ्यात जातात, म्हणून इंग्रजीची परीक्षा त्याआधी द्यावी. आणि जामीनदाराचं घरात आजच बोलून ठेवावं, जाहिरात निघाल्यावर नव्हे.