पाटी कुठे गेली? हौशी फोटोग्राफरांचा एक छोटा इतिहास

गेल्या जानेवारीत लॅबमधल्या आम्ही सात जणांनी एक खूळ डोक्यात घेतलं. दर सोमवारी एक विषय काढायचा, रविवारी रात्री बारापर्यंत त्यावर एक फोटो टाकायचा. फोटो त्याच आठवड्यात काढलेला हवा, जुना चालणार नाही. सावली, पाणी, वाट बघणं, पिवळा रंग असे ५२ आठवड्यांचे ५२ विषय. सातातल्या एकालाही फोटोग्राफी येत नव्हती. चौथ्या आठवड्यापर्यंत आम्ही चार उरलो. (पीएच.डी.च्या कोर्सवर्कमध्येही गळती साधारण याच वेगाने होते, असा माझा अंदाज.)

नवव्या आठवड्याचा विषय होता ‘माणूस आणि त्याचं काम’. हॉस्टेलसमोर इस्त्रीची गाडी लावणारे काका आहेत. त्यांना विचारलं, ते लगेच हो म्हणाले, शर्टाची कॉलर नीट करून उभे राहिले. मी फोन काढला, पोर्ट्रेट मोड लावला, फोटो घेतला. सुंदर आला. चेहरा लख्ख, हातात कोळशाची इस्त्री, मागचं सगळं लोण्यासारखं धूसर. दुसऱ्या दिवशी प्रिंट काढून त्यांना दिली. त्यांनी ती लांब धरून पाहिली, जवळ धरून पाहिली आणि विचारलं, “ताई, पाटी कुठं गेली?”

मागे नवी रंगवलेली दरांची पाटी होती. आदल्याच आठवड्यात त्यांनी ती करून घेतली होती आणि फोटोला हो म्हणाले होते ते त्या पाटीसाठी. माझ्या फोनने ती पुसून टाकली होती. मला पत्ताच नव्हता.

हा प्रसंग इथे सांगायचं कारण असं की त्या आठवड्यात मी ज्या पुस्तकाबद्दल वाचत होते, त्यात नेमकं हेच घडलं होतं. मुंबईत, दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी. आणि तुम्ही संशोधनाच्या तयारीत असाल, तर ती गोष्ट तुम्हाला माझ्या इस्त्रीवाल्या काकांपेक्षा जास्त उपयोगी पडेल.

आधी थोडं मागे जाऊ. ठरलेल्या मुदतीत, ठरलेल्या नियमाने, बिनपगारी फोटो काढणं हे काही मोबाइलच्या जमान्यातलं खूळ नाही. १८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रज माणसाने ओल्या काचेची पद्धत प्रसिद्ध केली आणि तिचं पेटंट घेतलं नाही. त्याआधी टॅलबॉटच्या कागदी निगेटिव्हवर पेटंट होतं. आर्चरच्या पद्धतीसाठी कुणाची परवानगी लागत नव्हती. १८५३मध्ये लंडनमध्ये फोटोग्राफिक सोसायटी निघाली आणि लवकरच तिथल्या हौशी मंडळींचा एक अदलाबदलीचा क्लब झाला. प्रत्येकाने आपला फोटो इतर सगळ्या सभासदांना पाठवायचा, असा साधा करार.

मला जास्त आवडतो तो अमेरिकेतला क्लब. १८६१मध्ये न्यूयॉर्कला ‘अमॅच्युअर फोटोग्राफिक एक्स्चेंज क्लब’ स्थापन झाला. सभासद मोजकेच. त्यात फिलाडेल्फियाचे इंजिनिअर कोलमन सेलर्स होते. आपल्या मुलांचे खिळा ठोकतानाचे फोटो एका चाकावर बसवून ते हलताना दाखवणाऱ्या यंत्राचं पेटंट याच वर्षी त्यांनी घेतलं होतं. क्लबचा नियम होता की दर दोन महिन्यांनी प्रत्येक सभासदाने प्रत्येक सभासदाला किमान एक तयार स्टिरिओ फोटो पाठवायचा. मुदत म्हणजे मुदत. आणि फोटोच्या मागे तो कसा काढला, हे लिहायचं.

ही मागची नोंद लक्षात ठेवा, तिच्याकडे परत येणार आहे. क्लब फार टिकला नाही. यादवी युद्धाच्या धामधुमीत दोनेक वर्षांत बंद पडला. पण सेलर्सचा एखादा प्रयोग फसला तर तो कुठे फसला, हे दुसऱ्या गावातल्या सभासदाला कळू शकत होतं. आपण लॅब नोटबुक लिहितो ते यासाठीच, निदान गाइडला तसं सांगतो तरी.

पुढे स्पर्धांचा काळ आला. कोरड्या काचा बाजारात मिळू लागल्या, त्यामुळे हौशी लोकांची संख्या वाढली. १८८४मध्ये लंडनहून ‘अमॅच्युअर फोटोग्राफर’ हे साप्ताहिक निघालं. त्याने सुट्टीतल्या फोटोंची स्पर्धा घेतली, तेव्हा १८८७ साली पहिलं बक्षीस बर्लिनमध्ये शिकणाऱ्या एका २३ वर्षांच्या अमेरिकन तरुणाला मिळालं. इटलीतल्या बेलाजिओ गावातली हसणारी मुलं, असा फोटो. परीक्षक पीटर हेन्री एमर्सन, बक्षीसपात्र विद्यार्थी आल्फ्रेड स्टिग्लिट्झ. हा तिथे इंजिनिअरिंग शिकायला गेला होता आणि हर्मन फोगेल नावाच्या रसायनशास्त्रज्ञाच्या वर्गात रमला. फोगेलचं नावही लक्षात ठेवा.

आता मुंबई.

बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली स्थापन झाली, कलकत्ता आणि मद्रासच्या संस्थांच्या दोन वर्षं आधी. सभासदांत लष्करी अधिकारी, सरकारी नोकर, डॉक्टर. भारतीयही होते. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी संस्थेच्या कार्यकारी मंडळावर होते. ते ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेले. डॉक्टरांना या छंदाचं आकर्षण वाटायचं यात मला नवल वाटत नाही. सिल्व्हर नायट्रेट, इथर, अल्कोहोल या बाटल्यांची त्यांना भीती नव्हती. १८५५मध्ये एल्फिन्स्टन संस्थेत फोटोग्राफीचा वर्गही सुरू झाला. त्यात शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण पुढे मुंबईतले नावाजलेले व्यावसायिक फोटोग्राफर झाले.

हे लोक काय हाल सोसत होते, ते जरा डोळ्यांसमोर आणा. काचेवर कोलोडियन ओतायचं, म्हणजे इथर आणि अल्कोहोलमध्ये विरघळवलेला गनकॉटन. मग अंधारात ती काच सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची आणि ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची. फोटो घेऊन, ती वाळायच्या आत धुवायची. हाताशी असतात काही मिनिटं. इथर ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास उकळतं. मुंबईच्या मे महिन्यात, तंबूत, हे करून बघा. माझं काम चांदीच्या सूक्ष्म कणांवर आहे. सिल्व्हर नायट्रेट सांडलं की बोटांवर काळे डाग पडतात, आठवडाभर जात नाहीत. डॉ. नारायण दाजींची बोटंही अशीच दिसत असणार, या विचाराने मला उगाच बरं वाटतं.

१८५६च्या अखेरीला विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन यांनी या सोसायटीच्या आश्रयाने एक मासिक संच सुरू केला, ‘द इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम’. महिन्याला एक अंक, अंकात खरे छापलेले तीन फोटो आणि सोबत वर्णन. असे २४ अंक १८५८पर्यंत निघाले. फोटो तेव्हा उन्हात छापावे लागत. मुंबईच्या जुलैत दर महिन्याची मुदत पाळणाऱ्या या दोघांपुढे माझी रविवार रात्रीची रड अगदीच फालतू आहे. अल्बममध्ये इमारती आणि देखावे होते, पण एक मालिका पुन्हा पुन्हा येत राहिली, ‘कॉस्ट्यूम्स अँड कॅरेक्टर्स ऑफ वेस्टर्न इंडिया’. म्हणजे पश्चिम हिंदुस्थानातले पेहराव आणि पात्रं. आमच्या भाषेत, ठरलेला विषय.

मग १८५७चा उठाव झाला, कंपनीचं राज्य गेलं, राणीचं आलं. जॉन्सनने लंडनहून १८६३ आणि १८६६ साली दोन खंडांचं पुस्तक काढलं. त्यात त्या काळातले बरेच जुने फोटो पुन्हा वापरले. पुस्तकाचं नाव मात्र आता होतं ‘द ओरिएंटल रेसेस अँड ट्राइब्ज, रेसिडेंट्स अँड व्हिजिटर्स ऑफ बॉम्बे’. पहिला खंड गुजरात, कच्छ, काठियावाडचा, दुसरा महाराष्ट्राचा.

नावातला बदल पाहिलात? ‘पेहराव आणि पात्रं’ यांच्या जागी ‘वंश आणि जमाती’ आले. काचेवरची चांदी तीच, समोर उभा असलेला माणूस तोच, बदलला तो प्रश्न. आपल्या भाषेत सांगायचं तर डेटा तोच ठेवून लेबल बदललं. आणि फोटोखाली माणसाचं नाव नव्हतं, जातीचं किंवा समाजाचं नाव होतं, म्हणून नवं लेबल सहज बसलं. पुढे १८६८ ते १८७५ या काळात सरकारने ‘द पीपल ऑफ इंडिया’चे आठ खंड काढले, तेव्हा ही रीत पक्की झालेली होती.

याहून मोठी गोष्ट पार्श्वभूमीची. पुस्तकातल्या पुष्कळ चित्रांत माणसांच्या मागे देऊळ, समुद्र, झाडं दिसतात. ती माणसं तिथे उभी नव्हती. त्यांचे फोटो वेगळे घेतलेले आणि आकृत्या वेगळ्या करून दुसऱ्या निगेटिव्हवरच्या देखाव्यावर बसवलेल्या. डलासच्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठातल्या डिगॉलियर ग्रंथालयाने जॉन्सनचे जुने अल्बम स्कॅन करून सर्वांसाठी खुले ठेवले आहेत. एखाद्या संध्याकाळी ते आणि पुस्तक शेजारी शेजारी उघडून बसा. ओळखीचे चेहरे सापडायला लागतात आणि त्यांच्या मागचं जग बदललेलं दिसतं.

यावर लगेच ‘फसवणूक!’ असं ओरडू नका. मीही आधी तेच केलं होतं. त्या काळी हे सर्वमान्य कसब होतं. १८५७ साली रेलँडर यांनी तीसएक निगेटिव्ह जोडून एकच चित्र बनवलं होतं आणि त्याचं कौतुक झालं होतं. शिवाय बाहेरच्या उजेडात घोळक्याला काही सेकंद हलू न देता उभं करणं आणि मागचं देऊळही स्पष्ट घेणं, हे अवघडच होतं. जॉन्सन लबाड होता असं मला म्हणायचं नाही. मला म्हणायचंय की त्याच्या पद्धतीने काय गाळलं, हे त्या पुस्तकात कुठेही लिहिलेलं नाही.

गाळणारा फक्त जॉन्सन नव्हता. रसायनही गाळत होतं. कोलोडियनच्या काचेला निळा प्रकाश भरपूर दिसायचा, लाल जवळजवळ नाहीच. त्यामुळे निळं आकाश कोरं पांढरं यायचं आणि लाल पगडी काळी. गव्हाळ, सावळी कातडी होती त्याहून गडद. आता विचार करा, पगडीच्या रंगावरून आणि अंगकांतीवरून माणसं ओळखायला निघालेलं पुस्तक, आणि त्याचा पुरावा देणारी काच लाल रंगाला आंधळी! हा प्रश्न सुटायला लागला तो १८७३मध्ये, जेव्हा बर्लिनच्या फोगेलने दाखवून दिलं की योग्य रंगद्रव्य मिसळलं तर काचेला हिरवा-पिवळाही दिसू लागतो. होय, तोच, स्टिग्लिट्झचा मास्तर. लाल नीट दिसायला त्यानंतरही बरीच वर्षं गेली.

इथे मला ते न्यूयॉर्कचे मोजके हौशी लोक आठवतात. त्यांचे फोटो काही थोर नव्हते. पण मागच्या नोंदीमुळे आज कुणी त्यांना वेगळाच प्रश्न विचारू शकतं, जो त्यांना सुचलाही नव्हता. जॉन्सनच्या त्या कापलेल्या माणसांना काही विचारायचं तर आधी त्यांना देखाव्यातून सोडवावं लागतं, मग मूळ फोटो शोधावा लागतो आणि नाव तरीही मिळत नाही. तुमच्यापैकी जे जुन्या डेटावर काम करणार आहेत, हर्बेरियमचे कागद असोत की हवामानखात्याच्या नोंदी, त्यांची कित्येक महिने हीच झटापट चालणार आहे. सिनॉप्सिस लिहिताना वेळापत्रकात त्यासाठी जागा ठेवा. मी ठेवली नव्हती.

पोर्ट्रेट मोडचं सांगायचं राहिलं. तो मोडही माणसाची कड शोधतो, आकृती वेगळी करतो आणि मागचं सगळं सॉफ्टवेअरने धूसर करतो. जॉन्सनला त्यासाठी हाताने मेहनत घ्यावी लागली, मला एक बोट लावावं लागलं. आणि त्याच्यासारखंच मीही, ‘माणूस आणि त्याचं काम’ असा विषय डोक्यात घेऊन गेल्यामुळे, माणूस आणि इस्त्री एवढंच पाहिलं. खालची ओळ काय लिहिली होती सांगू? ‘इस्त्रीवाला’. बास.

काकांकडे परत जायला मला मंगळवार उजाडला. या वेळी साधा मोड लावला, चार पावलं मागे सरकले. फोटो आधीच्याइतका देखणा आला नाही. कडेला एका स्कूटरचं चाक आलंय, काकांचे डोळे अर्धे मिटलेत. पण पाटी वाचता येते, अगदी ‘साडी रोल पॉलिश’पर्यंत. मुदत उलटून गेल्यामुळे तो ग्रुपमध्ये धरला गेला नाही. माझे ५२ पैकी ५१च भरले, आणि या चुरशीत मी दुसरी आले.

प्रिंटच्या मागे तारीख, वेळ, मोड आणि काकांचं पूर्ण नाव लिहिलं, त्यांना विचारून. एक प्रत माझ्या लॅब नोटबुकात आहे, एक त्यांच्या गाडीवर काचेखाली. मधल्या काळात पाटीवरचा शर्टाचा दर मात्र खडूने बदललाय.